निमंत्रणपत्रिकेवरचा फोटो

(मार्च १९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवून दिला आहे. निमंत्रणपत्रिकेवर बर्फाचा जो फोटो छापलाय, तो कुठला आणि कसा काढला ते सांग, म्हणाले. ग्रुपवर पत्रिका पडल्यापासून मला सतरा जणांनी विचारलं, "हिमालयात कधी गेला होतास?" एकाने तर केदारनाथ ओळखलंसुद्धा. तेव्हा आधी एवढंच सांगतो की हा हिमालय नाही. हे वाळवंट आहे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मी गेली सत्तावीस वर्षं राहतो. आमचं फिनिक्स शहर म्हणजे आपल्या माणदेशालाही थंड म्हणायला लावणारं. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश नेहमीचं. शहराबाहेर पडलं की दोन-दोन पुरुष उंचीचे निवडुंग हात वर करून उभे. तिथून उत्तरेला साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरवर ग्रँड कॅन्यन आहे. कोलोरॅडो नदीने कोरलेली दरी. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. तळाशी नदीकाठी खरोखरचं वाळवंट आहे, पण दक्षिणेचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच. महाबळेश्वरच्या दीडपट. त्यामुळे खाली काटेरी झुडपं आणि वर पाइनची झाडं, असा प्रकार. हिवाळ्यात काठावर बर्फ पडतो आणि तोच बर्फ खाली उतरता उतरता पाऊस होऊन नदीवर पडतो. एकाच ढगाचं एकाच वेळी दोन ठिकाणी दोन प्रकारचं वागणं.

मी ही दरी उन्हाळ्यात चार-पाच वेळा पाहिली होती आणि फोटोही काढले होते. खरं सांगायचं तर ते सगळे फोटो टपाल खात्याच्या भेटकार्डासारखे आले. दुपारच्या उन्हात दरी सपाट दिसते. लाल, पिवळा, पुन्हा लाल. डोळ्याला खोली कळते, कॅमेऱ्याला कळत नाही. तिथला एक जुना छायाचित्रकार मला म्हणाला होता, "मोठा बर्फ पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी ये. आणि पडायच्या आधी येऊन थांब, कारण नंतर रस्ता बंद होतो."

ती संधी २०१९ च्या फेब्रुवारीत आली. मोठं वादळ येणार असं हवामान खातं सांगत होतं. बायको म्हणाली, "सगळे लोक वादळ आलं की घरी येतात. तुम्ही घरातून निघालात." मी २० तारखेला निघून काठावरच्या एका लॉजमध्ये जाऊन बसलो. २१ तारखेला वाटेतल्या फ्लॅगस्टाफ गावात एका दिवसात जवळजवळ ३६ इंच बर्फ पडला. १९१५ सालापासूनचा एका दिवसाचा विक्रम मोडला. छत्तीस इंच म्हणजे आपल्या बाकाच्या उंचीच्याही वर. रस्ते बंद झाले. आम्ही काठावरची मंडळी तिथेच अडकलो.

त्या दिवशी मी दरीच्या कठड्याशी गेलो तर समोर काहीच नव्हतं. म्हणजे अक्षरशः काही नाही. जगातली एवढी मोठी दरी, आणि कठड्याच्या पलीकडे नुसता पांढरा पडदा. माझ्या शेजारी एक कुटुंब उभं होतं, फार लांबून आलेलं. त्यांचा मुलगा आईला विचारत होता, "दरी आज बंद आहे का?"

करायला काही नव्हतं म्हणून मी काठावरच्या जुन्या फोटो स्टुडिओत जाऊन बसलो. ही जागा तुम्हाला सांगितलीच पाहिजे. एलस्वर्थ आणि एमरी कोल्ब नावाच्या दोघा भावांनी १९०४ साली अगदी कड्याच्या टोकावर लाकडी स्टुडिओ बांधला. धंदा असा की सकाळी लोक खेचरांवर बसून दरीत उतरायला लागले की खिडकीतून त्यांचा फोटो काढायचा आणि ते परत वर येतील तोवर छापून विकायचा. पण फोटो धुवायला स्वच्छ पाणी लागतं आणि काठावर पाणीच नव्हतं. पाण्याचा झरा सात किलोमीटर खाली, नऊशे मीटर उतारावर. मग एमरी काचा घेऊन पायवाटेने धावत खाली जायचा, तिथल्या अंधारखोलीत फोटो धुवायचा, आणि खेचरांच्या आधी धावत वर यायचा. रोज. मी त्या खिडकीपाशी उभा होतो आणि मला आपल्या गावातला फोटो स्टुडिओ आठवत होता. बाजारपेठेत वरच्या माळ्यावरचा, मागे रंगवलेला ताजमहालाचा पडदा होता तो. तो का आठवला ते पुढे सांगतो. त्यासाठीच खरं तर मी आज उभा राहिलोय.

२२ तारीखही तशीच गेली. २३ ला पहाटे साडेपाचला खिडकीतून पाहिलं तर चांदण्या दिसत होत्या. बुटांखाली खिळ्यांच्या साखळ्या बांधल्या, बॅटऱ्या बनियनच्या आत ठेवल्या (थंडीत त्या पटकन मान टाकतात, म्हणून अंगाच्या उबेला ठेवायच्या) आणि काठाकाठाने यावापाई पॉइंटकडे चालत निघालो. एरवी अर्ध्या तासाची वाट, मला दीड तास लागला. गुडघ्याच्या वर बर्फ आणि त्यावर एकही पाऊल नाही.

तिथे पोचलो आणि मी एक गाढवपणा केला. कठडा जिथे संपतो त्याच्या पुढे एक सपाट, गुळगुळीत पांढरा ओटा दिसत होता. तिथे तिपाई लावली तर समोर कसलाच अडथळा नव्हता. मी दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल मांडीपर्यंत आत गेलं आणि तळाला काहीही लागलं नाही. वाऱ्याने कड्याच्या टोकाला बर्फाचा छज्जा तयार होतो. वरून जमीन वाटते, खाली खडक नसतो. मी तसाच मागे बसलो, ढोपरांवर रांगत परत आलो आणि एका जुनाट झाडाला मिठी मारून पाच मिनिटं बसून राहिलो. बायकोला हे आजच पहिल्यांदा कळतंय. घरी गेल्यावर काय ते होईलच.

सात वाजता सूर्य आला. दरी अजूनही ढगांनी काठोकाठ भरलेली होती, दुधाने भरलेल्या पातेल्यासारखी. मग ऊन लागलं तसं ते दूध हलायला लागलं. आधी शिखरं वर आली. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने तिथल्या शिखरांना आपल्या देवांची नावं देण्याचा पायंडा पाडला. त्यामुळे त्या परक्या मुलखात एक शिवमंदिर आहे, एक विष्णुमंदिर आहे, एक ब्रह्ममंदिर आहे. पश्चिमेला ढगातून शिवाचा माथा वर आला तेव्हा पिंडीवर दही थापावं तसा दिसत होता. माझे हात आपोआप जोडले गेले, तेवढ्यात दोन चांगले फोटो हुकले.

पहिले पाच-सहा फोटो काढून मागच्या पडद्यावर पाहिले तर बर्फ मळकट, राखेसारखा. फोटो काढणाऱ्यांना हे ठाऊक असतं, घाईत मी विसरलो होतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं जग मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. समोर पांढरंशुभ्र आलं की त्याला वाटतं प्रकाश फार झाला आणि तो अंधार करतो. आपणच त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हे खरंच पांढरं आहे, दीड स्टॉप उजेड जास्त घे. सांगितल्यावर बर्फ बर्फासारखा आला आणि सावल्यांमध्ये आकाशाचा निळा रंग उतरला.

आणि मग ढग एकदम खाली बसले आणि समोरची भिंत उघडी झाली. तोच हा पत्रिकेवरचा फोटो. तुमच्याजवळ असेल तर आता नीट पाहा. बर्फ सगळीकडे नाही. पांढऱ्या आडव्या रेघा आहेत आणि मधेमधे खडकाचे उघडे पट्टे आहेत. का? कारण दरीच्या भिंतीत खडकांचे थर आहेत. चुनखडक आणि वालुकाश्म कणखर, त्यांचे उभे कडे होतात आणि उभ्या कड्यावर बर्फ टिकत नाही. त्यांच्यामधले शेलचे थर, म्हणजे चिखलापासून झालेले, ठिसूळ. ते झिजून त्यांचे उतार आणि ओटे होतात आणि तिथे बर्फ बसतो. सगळ्यात वरचा थर सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीचा. तळाचा पावणेदोनशे कोटींच्या आसपासचा. उन्हाळ्यात चार-पाच वेळा जाऊनही मला हे थर असे कधी दिसले नव्हते. बर्फाने दरी झाकली नव्हती, आखून दाखवली होती.

मध्यावर एक प्रचंड लाल कडा दिसेल, दीडशे मीटर उंचीचा. त्याचं नावच रेडवॉल, लाल भिंत. गंमत म्हणजे तो खडक आतून करडा आहे. वरच्या थरांमधलं लोहाचं पाणी हजारो वर्षं त्याच्यावरून ओघळलं आणि तो लाल झाला. रंग त्याचा स्वतःचा नाहीच.

त्या पांढऱ्या रेघा बघताना माझ्या तोंडून मराठीत निघालं, "पायऱ्या मोजा." शेजारी कोणी नव्हतं, बरं झालं.

बाई, हे वाक्य तुमचं. डिसेंबर १९८३, महाबळेश्वरची सहल. पसरणी घाटात निम्म्या वर्गाने एसटीच्या खिडक्या अडवल्या होत्या, का ते सांगत नाही, समोर आता जेवण आहे. आर्थर सीटला तुम्ही आम्हाला कठड्याशी रांगेत उभं केलंत आणि सावित्रीच्या खोऱ्याकडे हात करून म्हणालात, "पायऱ्या मोजा." काळ्या कड्यांच्या मधेमधे वाळलेल्या गवताच्या सोनेरी आडव्या रेघा होत्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचले. थराचा खालचा भाग घट्ट, त्याचा कडा झाला. वरचा भाग सच्छिद्र, ठिसूळ, त्याचा ओटा झाला आणि ओट्यावर गवत आलं. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतला जिना, हेही तुम्हीच सांगितलंत. पावसाळ्यात याच रेघा हिरव्या दिसतात, म्हणालात. परत आल्यावर खडू आडवा धरून फळ्यावर एका फटक्यात अशा पांढऱ्या रेघा ओढल्यात. पस्तीस वर्षांनी, सुमारे चौदा हजार किलोमीटरवर, तोच फळा माझ्यासमोर उभा होता.

त्याच आर्थर सीटवर, त्याच कठड्याशी, आपल्या सगळ्या वर्गाचा फोटो काढला होता. आठवतं? चित्रकलेच्या सरांचा क्लिक थ्री कॅमेरा, त्यात बारा फोटोंचा ऑर्वोचा रोल. वर्गाचे तीन फोटो काढले, एक डोळे मिटणाऱ्यांसाठी म्हणून जादा. आणि मग कळलं की रोल खराब निघाला. सगळे म्हणाले, स्टुडिओवाल्याने धुताना घालवला. सर त्यांच्यावर चिडले. निरोप समारंभाचा फोटो काढायला शाळेने साताऱ्याहून माणूस बोलावला आणि पुढे कित्येक वर्षं शाळेचं काम आपल्या गावातल्या स्टुडिओला मिळालं नाही.

मित्रहो, तो रोल स्टुडिओवाल्यांनी घालवला नव्हता. मी घालवला.

सरांनी रोल काढून, गमपट्टी चिकटवून माझ्याकडे दिला होता, कारण स्टुडिओ आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी घरी आलो, आई दळणाला गेली होती, आणि मला वाटलं, फोटो कसे आलेत बघावं. मी पट्टी फाडली आणि भर दुपारी अंगणात अख्खा रोल उलगडला. आत नुसती कोरी फिकट पट्टी. मला वाटलं, अजून उमटायचे असतील. पुन्हा गुंडाळला, पट्टी चिकटेना म्हणून भाताचं शीत लावलं आणि नेऊन दिला. काय केलं ते मला चार दिवसांनी कळलं, आणि तेव्हा तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. नंतर दर वर्षी ती थोडी थोडी कमीच होत गेली.

निरोपाच्या फोटोत आपण त्रेचाळीस आहोत. आर्थर सीटला अठ्ठेचाळीस होतो. मधल्या दोन महिन्यांत तिघींची लग्नं झाली आणि दोघांनी शाळा सोडली. मुंबईच्या गिरणी संपाने ज्यांच्या घरचे पगार बंद झाले होते, त्यातले ते दोघं. त्यांच्यातला एक आज आपल्यात नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने आपल्या ग्रुपवर विचारलं होतं, "बाबांचा शाळेतला एखादा फोटो कुणाकडे आहे का?" तुम्ही सगळ्यांनी कपाटं धुंडाळलीत. कुणाकडेच निघाला नाही. मी त्या रात्री उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. एकच फोटो होता ज्यात आपण सगळे होतो, तो कुठे गेला हे फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात गावी आल्यावर आधी स्टुडिओत गेलो. वडील जाऊन बारा वर्षं झाली. आता मुलगा बसतो, खाली रस्त्यावर दुकान आहे. हा फोटो मोठा करून द्यायला सांगितला आणि मग काउंटरवरच सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता आणि फोटोच्या कडा कापत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "शीत लावलेला रोल तुमचा होय?"

त्याच्या वडिलांनी त्याला अंधारखोलीचं काम शिकवताना ही गोष्ट सांगितली होती. रसायन चुकलं की फिल्म साफ, पारदर्शक निघते. उजेड लागला की काळीकुट्ट निघते. शाळेचा रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता, त्यावर बोटांचे ठसे होते आणि पट्टीला भाताचं शीत. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती फिल्म सरांच्या टेबलावर ठेवली असती तर त्यांचं नाव तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. मुलाने विचारलं होतं, "मग दाखवली का नाहीत?" ते म्हणाले होते, "पोराचं दहावीचं वर्ष होतं."

मी त्यांच्या दारावरून पुढे अडीच वर्षं रोज गेलो. ते मला बघून हसायचे. मी मान खाली घालून जायचो. डाग माझा होता आणि चाळीस वर्षं तो त्यांच्या अंगावर दिसत होता.

बाई, सर, वर्गातल्या सगळ्यांनो, आणि विशेषतः त्या आपल्या मित्राच्या मुलीला, ती आज शेवटच्या रांगेत बसली आहे, मी माफी मागतो. तिच्या वडिलांचा फोटो मला परत आणता येत नाही. पण आर्थर सीटला ते कुठे उभे होते ते मला पक्कं आठवतं. डावीकडून चौथे, मागच्या रांगेत, कठड्यावर एक पाय ठेवून, आणि बाई ओरडल्यावर तो पाय काढलेला. ज्याला ज्याला त्यांचं जे काही आठवतं ते या स्मरणिकेसाठी लिहून द्या, अशी माझी विनंती आहे. मी माझं लिहून दिलं आहे.

बर्फातल्या दरीचा हा फोटो शाळेच्या भूगोलाच्या वर्गात लागणार आहे. बाईंनी मुलांना त्यावर पायऱ्या मोजायला लावाव्यात. ब्याऐंशीव्या वर्षीही त्या ऐकणार नाहीत, मोजायला लावतीलच.

आता एक काम उरलं. जेवणाआधी सगळ्यांनी शाळेच्या पायऱ्यांवर यायचं आहे. वर्गाचा फोटो आहे आणि तो त्याच स्टुडिओचा मुलगा काढणार आहे. त्याने वडिलांचा जुना कॅमेरा आणलाय, खऱ्या रोलचा. रोल धुवायलाही तोच नेणार आहे. माझ्याकडे द्यायचा नाही, अशी त्याने अट घातली आहे.